ज्यांच्यासोबत हरता येईल अशी मुलं : प्रशिक्षक टोनी बेनेट यांचं प्रकरण

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत सोळाव्या मानांकनाच्या संघाचं काम ठरलेलं असायचं. यायचं, पहिल्या मानांकनवाल्यांकडून मार खायचा, चार फोटो काढायचे आणि घरी परतायचं. 1985 साली स्पर्धा 64 संघांची झाली : चार गट, प्रत्येक गटात एक ते सोळा मानांकनं, आणि पहिल्या फेरीत पहिल्याची गाठ सोळाव्याशी. तेव्हापासून मार्च 2018 पर्यंत पुरुषांमध्ये असे 135 सामने झाले आणि 135 च्या 135 पहिल्या मानांकनाने जिंकले. (महिलांमध्ये हार्वर्डने 1998 मध्येच स्टॅनफर्डला घरी पाठवलं होतं. पण 'इतिहासात पहिल्यांदाच' म्हणताना ते कुणाच्या लक्षात राहत नाही. ही खोड सगळीकडची.)

136 वा सामना 16 मार्च 2018 रोजी शार्लट शहरात झाला. एका बाजूला व्हर्जिनिया विद्यापीठ. हंगामात 31 विजय, 2 पराभव, स्पर्धेतलं सर्वोच्च मानांकन आणि देशातला सर्वांत चिकट डिफेन्स : सामन्यामागे जेमतेम 54 गुण देणारा. दुसऱ्या बाजूला यूएमबीसी, म्हणजे मेरीलँड विद्यापीठाची बाल्टिमोर काउंटीतली शाखा. या कॉलेजाचं नाव तोवर कुणी ऐकलंच असेल तर बुद्धिबळामुळे. बास्केटबॉलमध्ये त्यांनी त्याच जानेवारीत ऑल्बनीकडून 44 गुणांनी मार खाल्ला होता आणि स्पर्धेत ते आले होते ते जायरस लाइल्सने शेवटच्या क्षणी टाकलेल्या एका थ्री-पॉइंटरच्या (लांबून मारलेल्या तीन गुणांच्या बास्केटच्या) जोरावर. मध्यंतराला गुणफलक 21-21 होता. पूर्ण सामन्यात 54 गुण देणाऱ्या व्हर्जिनियाने एकट्या दुसऱ्या हाफमध्ये 53 दिले. शेवट 74-54. निसटता वगैरे काही नाही, सरळ वीस गुणांनी धुलाई.

व्हर्जिनियाचे प्रशिक्षक होते टोनी बेनेट. तेरा महिन्यांच्या आत याच माणसाने याच विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. आणि त्यानंतर साडेपाच वर्षांनी, 2024 च्या ऑक्टोबरमध्ये, नवा हंगाम तीन आठवड्यांवर असताना त्यांनी शिट्टी खाली ठेवली. वय 55, करार 2030 पर्यंतचा. पहिल्या गोष्टीवर भरपूर लिहिलं गेलंय, परतफेडीची गोष्ट म्हणून. दुसरीवरही लिहिलं गेलंय, पैशाने खेळ नासल्याची गोष्ट म्हणून. मला मात्र या दोन्ही गोष्टी एकाच दोराची दोन टोकं वाटतात, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतोय.

आधी एक खुलासा. आपल्याकडे कॉलेजात 'पीडी सर' असतात. क्रिकेट, कबड्डी, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल सगळं त्यांच्याच गळ्यात, वर स्नेहसंमेलनाचा मांडवही त्यांनीच बघायचा. आमच्या सरांकडे दोन चेंडू होते आणि त्यांतला एक पंक्चर. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठाचा बास्केटबॉल प्रशिक्षक हे वेगळंच प्रकरण आहे. बेनेट यांची वर्षाची कमाई 40 लाख डॉलरच्या आसपास होती आणि अशा प्रशिक्षकांना राज्याच्या गव्हर्नरपेक्षा जास्त लोक चेहऱ्याने ओळखतात. त्या पैशाच्या बदल्यात त्यांना दोन कामं करावी लागतात. हायस्कूलमधली चांगली पोरं हेरून आणायची, आणि आणलेल्यांचा संघ बांधायचा. यातलं पहिलं काम करायची बेनेट यांची पद्धत हाच या प्रकरणाचा गाभा.

पद्धत घरातून आलेली. वडील डिक बेनेट विस्कॉन्सिन राज्यात आधी शाळेत, मग स्टीव्हन्स पॉइंट आणि ग्रीन बे इथल्या छोट्या विद्यापीठांत शिकवत शिकवत वर चढले. त्यांच्याकडे उंचपुरे, उड्या मारणारे स्टार यायचे नाहीत. मग त्यांनी एक डिफेन्स बसवला, त्याला 'पॅक लाइन' म्हणतात. थ्री-पॉइंट रेषेच्या आत दोनेक पावलांवर एक अदृश्य कमान आहे असं समजा. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याच्या अंगावर एकानेच जायचं. उरलेल्या चौघांनी त्या कमानीच्या आत राहायचं, आपापल्या माणसाला चिकटायचा मोह टाळायचा. समोरचा ड्रिबल करत आत घुसायला गेला की भिंत. पास बाहेर गेला की ज्याचा माणूस त्याने हात वर करून धावत त्याच्या तोंडावर जायचं, पण झेपावायचं नाही, नाहीतर तो बगल देऊन आत जातो. दिसायला साधं. पण एका चढाईत हे पाच-सहा वेळा करावं लागतं, आणि पाचांपैकी एक जण अर्धं पाऊल चुकला तरी भिंतीला भगदाड पडतं. अंगातल्या गुणांपेक्षा सवयीवर चालणारा डिफेन्स आहे हा, आणि सवय लागायला दोन-तीन वर्षं जातात.

टोनी ग्रीन बेला वडिलांच्याच हाताखाली खेळले. त्यांचा थ्री-पॉइंटचा नेम 49.7 टक्के, कॉलेज कारकिर्दीचा राष्ट्रीय विक्रम. तीन हंगाम एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये शार्लट हॉर्नेट्सकडे काढले, पायाच्या दुखापतीने ते संपलं, मग न्यूझीलंडमध्ये खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दोन्ही कामं केली. पुढे वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात 2006 साली वडिलांकडून संघ हाती घेतला आणि पहिल्याच हंगामात 26 सामने जिंकले. 2009 मध्ये व्हर्जिनियाने बोलावलं.

पहिला हंगाम 15 विजय, 16 पराभव. इथे बेनेट यांनी सहकाऱ्यांपुढे वडिलांचंच एक सूत्र ठेवलं, जे त्यांनी नंतर अनेकदा सांगितलंय : आधी अशी मुलं आणा ज्यांच्यासोबत आपल्याला हरता येईल, मग जिंकता येईल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे बेनेट यांच्या धार्मिक स्वभावातून आलेलं गोड गोड काहीतरी वाटलं होतं. पण ते व्यवहारी आहे. पॅक लाइन बसायला दोन-तीन वर्षं लागणार, म्हणजे दोन-तीन वर्षं हरणं आलं. त्या काळात जो पोरगा तोंड फिरवून दुसऱ्या कॉलेजात जाईल, त्याला शिकवलेलं सगळं वाया. त्यामुळे हरल्यावर जो सकाळी पुन्हा सरावाला येतो तोच उपयोगाचा, मग तो दोन इंच कमी उडी मारणारा का असेना. सुरुवातीच्या भरतीतली काही मुलं गेलीच. जी राहिली त्यांच्यावर 2014 ची अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स (व्हर्जिनिया ज्या विद्यापीठगटात खेळते त्याची स्पर्धा) जिंकली गेली, तीही ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायनासारख्या घराण्यांच्या नाकावर टिच्चून.

या पद्धतीला एक खोट होती आणि टीकाकार ती दरवर्षी मार्चमध्ये उगाळायचे. व्हर्जिनिया देशातला सर्वांत संथ संघ. एका चढाईत नेम मारायला मिळणाऱ्या तीस सेकंदांपैकी (याला शॉट क्लॉक म्हणतात) पंचवीस सेकंद ते चेंडू फिरवत बसायचे. दोन्ही संघांच्या वाट्याला चढाया कमी येतात तेव्हा दुबळा संघसुद्धा फार मागे पडत नाही, आणि सामना घासून चालला की नशिबाला जागा मिळते. त्यात आत भिंत बांधायची तर बाहेरचा थ्री-पॉइंट थोडा मोकळा सोडावाच लागतो. समोरच्याचा नेम त्या दिवशी बसला आणि तुम्ही पंधरा गुणांनी मागे पडलात, तर पाठलाग करायला तुमच्याकडे वेगच नाही.

यूएमबीसीने नेमकं हेच केलं. दुसरा हाफ सुरू झाल्यावर लाइल्सने दोनदा भिंत फोडली, बाहेरून नेम लागू लागले आणि पाहता पाहता फरक 14 वर गेला. लाइल्सचे एकट्याचे 28 गुण झाले. व्हर्जिनियाचा डीआंद्रे हंटर मनगट मोडल्याने खेळत नव्हता, हे खरंय, पण त्यावर वीस गुण खपवता येत नाहीत. घाबरलेली माणसं जशी घाई करतात तशी व्हर्जिनियाची पोरं थ्री-पॉइंटर फेकत राहिली आणि 22 पैकी 4 आत गेले. आणखी एक गंमत : यूएमबीसीचे प्रशिक्षक रायन ओडम हे लहानपणी व्हर्जिनियाच्याच मैदानात बॉल-बॉय होते. त्यांचे वडील डेव्ह ओडम 1980 च्या दशकात तिथे सहायक प्रशिक्षक होते. रायन ओडम हे नाव लक्षात ठेवा. आणि दोनच दिवसांनी याच यूएमबीसीने कॅन्सस स्टेटविरुद्ध पूर्ण सामन्यात 43 गुण केले आणि हरले. व्हर्जिनियाच्या जखमेवर याहून झोंबणारं मीठ नसेल.

सामन्यानंतर बेनेट पत्रकारांसमोर आले आणि सबबी न देता बोलले. त्यांनी आम्हाला झोडपलं, म्हणाले. आमचा हंगाम ऐतिहासिक होता, आता हा पराभवही ऐतिहासिक झाला. असंच असतं.

त्या उन्हाळ्यात काय झालं यावर या प्रकरणाची भिस्त आहे. काइल गाय या गार्डला (चेंडू हाताळून बाहेरून खेळणाऱ्या खेळाडूला) तर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. आपल्याला चिंतेचा विकार आहे हे त्याने नंतर उघडपणे लिहिलं, आणि पराभवानंतर मान खाली घातलेला स्वतःचा फोटो फोनच्या पडद्यावर लावून ठेवला. बेनेट यांच्या पत्नीला एका कथाकथनकाराचं भाषण सापडलं. संकट नीट वापरता आलं तर ते तुम्हाला अशा ठिकाणचं तिकीट काढून देतं जिथे दुसऱ्या कुठल्या वाटेने पोचता आलं नसतं, असा त्याचा आशय. बेनेट यांनी ते संघाला दाखवलं आणि हे वाक्य वर्षभराचं पालुपद झालं. अशा वाक्यांवर माझा फारसा विश्वास नाही. ही वाक्यं सगळ्याच संघांच्या लॉकर रूममध्ये चिकटवलेली असतात, हरणाऱ्यांच्याही.

माझ्या मते खरं कारण खेळातल्या दोन साध्या गोष्टींत आहे. पहिली, बेनेट यांनी डिफेन्सला हात लावला नाही, पण आक्रमण बदललं. वडिलांकडून आलेली पद्धत अशी होती की दोन धिप्पाड खेळाडूंनी आडवं उभं राहून स्क्रीन लावायचे आणि तीन गार्डनी त्यांच्याभोवती धावत राहायचं. ती त्यांनी ठेवली, पण तिच्या जोडीला चेंडूवाल्यासाठीच एकामागून एक स्क्रीन लावण्याची नवी मांडणी आणली. म्हणजे टाय जेरोमसारख्या चतुर गार्डच्या हातात निर्णय आला, आणि मागे पडल्यावर पाठलाग करायला काहीतरी हत्यार मिळालं. त्या वर्षी व्हर्जिनिया डिफेन्सइतकीच आक्रमणातही देशातल्या पहिल्या काही संघांत होती.

दुसरी, सगळे परत आले. जेरोम आला, गाय आला, हंटर एनबीएचा दरवाजा समोर असताना आला, मामाडी डियाकिटे आणि न्यूझीलंडचा जॅक सॉल्टही होतेच. तेव्हाच्या नियमाने कॉलेज बदललं तर सहसा एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. त्यामुळे राहण्यात मनाचा मोठेपणा किती आणि नियमाचं कुंपण किती, हे वेगळं काढता येत नाही. पण हरता येईल अशी मुलं जमवण्याचं नऊ वर्षांचं काम त्या उन्हाळ्यात कामी आलं, एवढं नक्की.

2019 च्या स्पर्धेत पुन्हा पहिलं मानांकन, पुन्हा पहिल्या फेरीत सोळावा संघ, गार्डनर-वेब. आणि पहिल्या हाफमध्ये व्हर्जिनिया चक्क 14 गुणांनी मागे! टीव्हीवर एव्हाना वर्षभरापूर्वीची दृश्यं सुरू झाली होती. मध्यंतराला 30-36. शेवटी 71-56 ने जिंकले, पण त्या वीस मिनिटांत बेनेट यांचं करिअर एका केसावर लटकत होतं.

उपांत्यपूर्व सामना परड्यूविरुद्ध लुईव्हिलमध्ये झाला. परड्यूच्या कार्सन एडवर्ड्सने दहा थ्री-पॉइंटरसह 42 गुण केले. 5.9 सेकंद बाकी असताना जेरोम फ्री थ्रोच्या रेषेवर होता. पहिला आत गेला, फरक दोनवर आला, दुसरा चुकला. रिंगवरून उडालेला चेंडू डियाकिटेने थोपटला तो थेट मागे, स्वतःच्या अर्ध्या मैदानात. पाच फूट नऊ इंचांचा किहेई क्लार्क, पहिल्या वर्षाचा पोरगा, त्याच्यामागे धावला. चेंडू उचलला तेव्हा जवळच जेरोम आणि गाय दोघे हात करून मागत होते, संघातले दोन सर्वोत्तम नेमबाज. क्लार्कने त्यांच्याकडे पाहिलं नाही. चाळीसेक फुटांवरून त्याने डियाकिटेला सरळ, खांद्याच्या उंचीचा पास मारला. डियाकिटेच्या हातातून चेंडू सुटला, बझर वाजला, चेंडू आत. बरोबरी. जादा वेळेत व्हर्जिनिया 80-75. हा प्रसंग मी किती वेळा पाहिलाय याला गणती नाही, आणि दर वेळी क्लार्क चुकीचा पास देतोय असंच वाटतं.

पुढे मिनिआपोलिसला ऑबर्नविरुद्ध 0.6 सेकंद बाकी असताना गायला तीन फ्री थ्रो मिळाले, दोन गुणांनी मागे होते, त्याने तिन्ही घातले, 63-62. त्याच्या काही क्षण आधी जेरोमचा उघड डबल ड्रिबल (थांबवलेला चेंडू पुन्हा आपटत नेण्याचा नियमभंग) पंचांच्या नजरेतून सुटला होता, हे व्हर्जिनियाच्या भक्तांना सांगितलेलं आवडत नाही. 8 एप्रिलला अंतिम सामन्यात टेक्सास टेकविरुद्ध शेवटच्या बारा-तेरा सेकंदांत हंटरने थ्री-पॉइंटर मारून बरोबरी साधली, 27 गुण केले, आणि जादा वेळेत 85-77. म्हणजे लागोपाठ तीन सामने सुईच्या टोकावर जिंकले. संथ खेळात नशिबाला जागा असते असं वर म्हटलं. 2018 मध्ये ती जागा यूएमबीसीने घेतली, 2019 मध्ये व्हर्जिनियाने.

विजेतेपदानंतर बेनेट यांनी पगारवाढ नाकारली. तो पैसा सहकाऱ्यांना आणि कार्यक्रमाला द्या म्हणाले, आणि खेळाडूंच्या पुढच्या आयुष्यातल्या करिअरसाठी पती-पत्नीने पाच लाख डॉलर स्वतः देऊ केले. हंटर, जेरोम, गाय तिघेही एनबीएच्या निवडीत गेले. मग कोविड.

2021 मध्ये नियम बदलले. एकदा कॉलेज बदलताना वर्षभर बसायची अट गेली, 2024 पर्यंत कितीही वेळा बदलायची मोकळीक आली. त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर पैसे कमावता येऊ लागले, ज्याला सगळे 'एनआयएल' म्हणतात. व्यवहारात याचा अर्थ असा झाला की दर वर्षी हंगामाच्या शेवटी 'पोर्टल' (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) उघडतं आणि एजंट फोनवर बसतात. बेनेट मोडीत निघाले नव्हते, कॉन्फरन्सचं साखळी विजेतेपद 2021 आणि 2023 मध्येही त्यांनी मिळवलं. पण राष्ट्रीय स्पर्धेत 2021 ला ओहायोने आणि 2023 ला फर्मनने पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. फर्मनच्या सामन्यात शेवटच्या क्षणी कोंडीत सापडून चेंडू हवेत भिरकावणारा खेळाडू होता किहेई क्लार्क, आता पाचव्या वर्षाचा. 2024 ला कोलोरॅडो स्टेटविरुद्ध तर पूर्ण सामन्यात 42 गुण.

जून 2024 मध्ये करार वाढवला, ऑक्टोबरमधल्या सुट्टीत पत्नीसोबत बसून विचार केला आणि 18 तारखेला पत्रकारांसमोर रडत निरोप घेतला. खेळाडूंना पैसे मिळायलाच हवेत, असं ते म्हणाले. पण मी जुन्या पद्धतीने हे काम करायला घडलोय, आताच्या वातावरणात या संघाला मी योग्य माणूस नाही. व्हर्जिनियाच्या इतिहासातले सर्वाधिक 364 विजय त्यांच्या नावावर राहिले.

तीन आठवडे आधी सोडणं बरोबर होतं का? माझ्या मते नव्हतं. ज्या मुलांना आपल्या शब्दावर आणलं त्यांना हंगामाच्या तोंडावर हंगामी प्रशिक्षकाच्या हवाली करणं ही, 'सोबत हरण्या'ची भाषा करणाऱ्या माणसाच्या बाबतीत तरी, खटकणारी गोष्ट आहे. घराण्याची रीतच म्हणायची तर तसंही आहे : डिक बेनेट यांनी 2000 मध्ये विस्कॉन्सिनला अंतिम चार संघांत नेलं आणि त्याच नोव्हेंबरमध्ये, नवा हंगाम अवघा तीन सामने जुना असताना, थकलो म्हणून राजीनामा दिला. टोनी म्हणतात त्याप्रमाणे अर्धवट मनाने हंगाम काढणं मुलांवर जास्त अन्याय ठरला असता, हेही मला समजतं. पटत मात्र नाही.

माझ्या मांडणीला छेद देणारं एक उदाहरण लपवून चालणार नाही. 2023 मध्ये परड्यू हा पहिल्या मानांकनाचा दुसरा संघ ठरला जो सोळाव्याकडून हरला, फेअरली डिकिन्सनकडून, 63-58. तेव्हा पोर्टल सताड उघडं होतं. तरी त्यांचा सात फूट चार इंचांचा झॅक ईडी परत आला, बरेचसे सोबती राहिले आणि प्रशिक्षक मॅट पेंटर यांनी पुढच्याच वर्षी संघ अंतिम सामन्यात नेला. म्हणजे नव्या नियमांतही पोरं टिकवता येतात. बेनेट यांना ते जमलं नसतं की करायचं नव्हतं, यावर शार्लट्सव्हिलमध्ये, म्हणजे व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गावात, अजून वाद घातला जातो.

मार्च 2025 मध्ये व्हर्जिनियाने नवा कायम प्रशिक्षक नेमला. रायन ओडम. जुन्या बॉल-बॉयने पहिल्या हंगामासाठी जवळजवळ सगळा संघ नव्याने गोळा केला, काही पोर्टलमधून, काही थेट युरोपातून.